सातासमुद्रापार जाऊन आलेला धवला

गाणं नेटवरून 'काढून' देणं आणि गाणं रेकॉर्ड करून देणं यात फरक असतो, हे मी पनवेलकरांना वीस वर्षं समजावत होते. पटलं कुणालाच नाही. "ताई, पाच मिनिटांचं तर काम आहे," असं म्हणत माणसं दुकानात शिरायची आणि तिथूनच माझं डोकं फिरायचं. पाच मिनिटांचं गाणं रेकॉर्ड करायला पाच मिनिटं लागतात हे खरं, पण ते पुन्हा नीट ऐकायला आणखी पाच लागतात, आणि ही दुसरी पाच मिनिटं कुणी मोजतच नाही.

तळ्यामागच्या गल्लीत माझं दहा बाय बाराचं दुकान होतं. आधी कॅसेटी भरून द्यायचे, मग सीडी आल्या. दोन हजार सालानंतर ब्रॉडबँडची वायर गल्लीत आली आणि इंटरनेटवरचे रेडिओ ऐकू येऊ लागले. परदेशात बसलेली मराठी माणसं हौसेनं असले रेडिओ चालवायची. कुणी निवृत्त डॉक्टर घरातल्या जुन्या तबकड्या वाजवायचा, कुणी बोटीवरचा इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी कोळीगीतं लावायचा. स्ट्रीमिंग म्हणजे काय, तर गाणं तुमच्याकडे राहायला येत नाही, नुसतं दारावरून जातं. जाताना त्याला धरायचं आणि धरताना त्याचे कपडे फाटू द्यायचे नाहीत, एवढंच माझं काम.

कपडे फाटतात कसे, ते सांगते. नेटवर गाणं पाठवताना त्यातला बराचसा ऐवज काढून टाकतात, म्हणजे ते हलकं होतं आणि न अडखळता पोचतं. जे काढलं ते गेलं. ते परत येत नाही. पण आमचे एक निवृत्त हेडमास्तर होते, ते नाट्यसंगीताची कुठूनतरी मिळवलेली किडकी फाईल घेऊन यायचे आणि म्हणायचे, "ही चौसष्टची आहे. तीनशेवीसची करून द्या." हे आकडे आवाजाच्या दर्जाचे, आकडा जितका मोठा तितका ऐवज शाबूत. त्यांना ते कुणी शिकवले देव जाणे. मी म्हणायचे, "सर, पातळ आमटी मोठ्या पातेल्यात ओतली म्हणून दाट होत नाही." ते म्हणायचे, "तुम्ही ओता तर खरं." शेवटी मी ओतून दिली. आठ दिवसांनी पेढे घेऊन आले. म्हणाले, "आता बघा कसा तंबोरासुद्धा स्वच्छ ऐकू येतो!" मी पेढा खाल्ला.

दुसऱ्यांना हसते, पण स्वतःच्या चुकाही काही कमी नाहीत. काँप्युटरवर वाजणारं गाणं रेकॉर्ड करताना काँप्युटरचे बाकीचे सगळे आवाज आधी बंद करायचे, हा या धंद्यातला पहिला धडा. तो मी एकदा विसरले. एका भजनी मंडळाला परदेशी रेडिओवरचा एक अभंग हवा होता, बसवून स्पर्धेत म्हणायचा म्हणून. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर माझ्या काँप्युटरवर कुणाचा तरी मेसेज आला आणि 'टिंग' वाजलं. ते सीडीत गेलं. मला कळलं ते थेट स्पर्धेच्या दिवशी, मी कौतुकानं पहिल्या रांगेत बसले होते तेव्हा. तिसऱ्या कडव्याच्या मध्यावर सगळा वाद्यमेळ थांबला आणि एका गृहस्थांनी मोठ्या भक्तिभावानं टाळाचा एकच ठोका दिला. टिंग! आणि मग भजन पुढे चालू. परीक्षकांनी 'लयीचा अभिनव विचार' म्हणून खास उल्लेख केला. मी आजतागायत त्या मंडळाला खरं सांगितलेलं नाही. आता हा अंक त्यांच्या हाती पडला तर मला गल्ली बदलावी लागेल.

त्या दिवसापासून मी दोन नियम केले. रेकॉर्ड केलेलं प्रत्येक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायचं, आणि मूळ फाईलला कधीही हात लावायचा नाही. जी काय साफसफाई, कापाकापी करायची ती कॉपीवर. या नियमांचा मला भारी गर्व होता. तो उतरला तो चांगुणाआजींच्या धवल्यानं.

दोन हजार दहाच्या पुढेमागे, उन्हाळ्यात, भालचंद्र नावाचे गृहस्थ दुकानात आले. उरणकडच्या बंदरात क्रेन चालवायचे, राहायला खारघरमधल्या बेलपाड्यात. भोवती टॉवर उठलेत, पण मूळ गाव अजून मध्ये आहे, तिथे. टेबलावर हात टेकून म्हणाले, "ताई, माझी आई धवलारीन हाय."

माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आगरी लग्नात भटजींइतकाच धवलारणीचा मान. मांडव घालण्यापासून प्रत्येक विधीला तिचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. लिहिलेलं कुठे नाही, सगळं पाठ. ती एक ओळ म्हणते, मागच्या बायका तीच ओळ परत म्हणतात, मग ती पुढची सोडते. असं अर्धा-पाऊण तास चालतं.

भालचंद्रांची मुलगी प्रणिता स्कॉटलंडमध्ये ॲबरडीनला नर्स होती. तिथेच तेलाच्या कंपनीतल्या मुलाशी लग्न ठरलं होतं. मुलाचा पासपोर्ट व्हिसाच्या कामासाठी तिकडच्या ऑफिसात अडकलेला, त्यामुळे लग्न तिथेच करायचं. प्रणिताची आई नव्हती. वडील जाणार होते, पण आजीला डॉक्टरांनी विमानात बसायला साफ मनाई केली होती. आणि आजीचा हट्ट असा, की नातीची हळद धवल्याशिवाय लागायची नाही. तेव्हा आजी पनवेलात माझ्या दुकानात बसून गाणार आणि ते इंटरनेटवरून ॲबरडीनच्या हॉलमध्ये वाजणार, असा बेत.

"हे होईल," मी म्हटलं.

"अजून एक हाय," भालचंद्र म्हणाले, आणि त्यांचा आवाज खाली गेला. "लग्न झाल्यावर आईच्या गळ्याचं ऑपरेशन हाय. डॉक्टर बोलले, बोलता येईल, गाता नाय येनार. तिच्यामागं शिकलेलं घरात कोन नाय. ते एकदाच रेकॉर्ड होईल ताई. तुमी चांगलं करता म्हनून तुमच्याकडं आलो."

असं कुणी म्हटलं की मी हरभऱ्याच्या झाडावर चढते. म्हटलं, "काळजीच सोडा. असं रेकॉर्ड करते की आजींचा श्वाससुद्धा ऐकू येईल."

हळदीच्या दोन दिवस आधी मी भालचंद्रांच्या आईंना, चांगुणाआजींना, आवाज तपासायला बोलावलं. ठेंगणीठुसकी बाई, नाकात नथ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. माईकसमोर बसवून म्हटलं, "आजी, जरा दोन ओळी म्हणा."

"आज कोनाचं लगीन हाय?"

"आज नाही. परवा प्रणिताची हळद आहे ना."

"मंग परवा म्हनन."

"अहो, पण मला आवाजाचा अंदाज घ्यायचाय."

"लग्नाबिगर धवला म्हनायचा नाय," आजी म्हणाल्या. "आनि एकदा सुरू क्येला का मधी तोडायचा पन नाय. तुजा मशीन बंद परला तरी मी गात रानार."

म्हणजे सराव नाही, चाचणी नाही आणि चुकलं तर पुन्हा नाही. असं गिऱ्हाईक मला जन्मात मिळालं नव्हतं. मी जरा विचार केला आणि म्हटलं, "बरं, गाऊ नका. कुणावर तरी तोंडभरून रागवा."

ही विद्या आजींना चांगली अवगत होती. घरासमोर टॉवर बांधून ऊन अडवणाऱ्या बिल्डरपासून त्यांनी सुरुवात केली, तिथून मुलावर आल्या, मग विमानात न चढू देणाऱ्या डॉक्टरवर, आणि शेवटी "कान झाकून बसलेल्या ह्या पनवेलच्या बायवर", म्हणजे माझ्यावर. आवाज मोजणारे माझे काटे लाल रेघेच्या पलीकडे गेले. मी त्याप्रमाणे सगळं खाली आणून ठेवलं.

"रेकॉर्ड केलं तर चालेल ना, आजी?" मी विचारलं. त्यांना न विचारता करणं मला बरं वाटेना.

"कर. पन लग्नातच लावायचा. येरवी कोनी आयकायचा नाय. तू पन नाय."

"मी पण नाही? मला तपासायला तर..."

"दोन मिंटं आयक. वरनाला मीठ बगतात तेवरा."

आता थोडं तांत्रिक, पण समजेल असं सांगते. इंटरनेटवरून बोलायची सॉफ्टवेअरं बोलण्यासाठी बनवलेली असतात, गाण्यासाठी नाहीत. लांबवलेला सूर त्यांना पंख्याची घरघर वाटते, लगेच कापतात. शिवाय हॉलमधल्या स्पीकरवर वाजलेला आवाज तिथल्या माईकमधून आपल्याकडे परत येऊ नये म्हणून आणखी एक चाळणी असते, ती पण गाण्याचे लचके तोडते. म्हणून मी दोन्हीकडच्या सगळ्या चाळण्या बंद करायला लावल्या. चित्रही बंद ठेवलं, म्हणजे सगळी लाईन आवाजाला मिळेल. परत येणारा आवाज दुकानात घुमू नये म्हणून माझा स्पीकर बंद आणि हेडफोन माझ्या कानाला. आजींना हेडफोन देऊन पाहिला होता. "कान बांदून कोन गातं गो?" म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. त्यामुळे पलीकडचं जे काय ऐकू येत होतं ते मला एकटीला.

हळदीचा दिवस. आपल्याकडे दुपारचे अडीच, तिकडे सकाळचे दहा. आजी हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या. भालचंद्र तिकडून फोनवर म्हणाले, "ताई, आमी पुरुष मंडळी बाहेरच्या खोलीत हाव. आत बायकाच हायत. करा सुरू." मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, काटा हलतो आहे ना ते पाहिलं. हलत होता. आजींना खूण केली.

आणि आजी गायला लागल्या, ते इतकं खालच्या पट्टीत, इतकं शांत, की रागावण्यावर बेतलेले माझे सगळे काटे झोपलेच. मी धावपळ करत आवाज वाढवायला लागले. आजी ओळ म्हणत, तिकडच्या बायकांना परत म्हणायला वेळ देत, मग पुढची ओळ सोडत. माझ्या कानात आजींचा आवाज तिकडून फिरून येत होता आणि त्याच्या पाठोपाठ तीच ओळ बारीक, पुसट अशी आणखी एकदा. इको! चाळण्या बंद केल्याचा प्रसाद. मी मनातल्या मनात ॲबरडीनच्या हॉलच्या भिंतींना शिव्या घातल्या आणि माईकचं बटण पिळत राहिले. अर्ध्यावर एका जागी आजी अडखळल्या. डोळे मिटून गप्प राहिल्या. मी हेडफोन काढून पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो हातानंच परतवला आणि ओळ उचलली. पाऊण तासानं धवला संपला. पलीकडून टाळ्या आल्या. आजी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, "लागली माज्या पोरीला हळद." मला भरून आलं, खोटं कशाला सांगू.

त्या गेल्यावर मी मीठ बघायला बसले. पहिल्या मिनिटालाच मी थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावलं. आजींचा आवाज लांबून, एखाद्या विहिरीतून यावा तसा येत होता. मागे खुर्च्या सरकताहेत, कुणी खोकतंय. मी डोक्याला हात लावला. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये एक जागा असते, आवाज कुठून घ्यायचा ते सांगायची: माईकमधून, की काँप्युटरवर जे वाजतंय ते. मी वर्षानुवर्षं नेटवरचे रेडिओ धरत आले, त्यामुळे माझी खूण कायम दुसऱ्यावर. ती बदलायला मी विसरले होते. आजी माझ्यापासून हातभर अंतरावर गात होत्या आणि मी मात्र तो आवाज स्कॉटलंडला जाऊन, तिथल्या स्पीकरमधून वाजून, तिथल्या माईकमधून परत आल्यावर टिपला होता. काटा हलत होता तो तिकडून येणाऱ्या आवाजानं. आमटी दाट होत नाही म्हणून जगाला शिकवणाऱ्या बाईनं स्वतःच्या हातानं घागरभर पाणी ओतलं होतं.

पुढे ऐकायची हिंमतच झाली नाही. शेवटपर्यंत ऐकायचा माझा नियम मी मोडला आणि आजींनी बजावलंय ना, असं स्वतःला सांगितलं. कॉपीवर इको घालवायचा फिल्टर मात्र चालवून पाहिला. त्यातून आजी पत्र्याच्या डब्यात बसून गाताहेत असं वाटायला लागलं. ती कॉपी उडवली.

पुढचे सहा महिने माझ्यासारखी भेकड बाई पनवेलात नसेल. गंमत अशी, की आजींच्या अटीमुळे ते रेकॉर्डिंग कुणी ऐकायलाच मागेना. ऑपरेशन झालं. भालचंद्र येऊन सांगून गेले, "आवाज बसला, पन बोलते." मी मान हलवली. हार्ड डिस्क खराब झाली, सगळं उडालं, असं सांगून टाकावं हा विचार मी रोज चहाबरोबर करत असे.

हिवाळ्यात भालचंद्रांचा फोन आला. चुलत भावाच्या मुलाची हळद होती बेलपाड्यात. "आईचा धवला लावायचाय. तुमीच या ताई, तुमच्या हातानं लावा."

मी स्पीकर रिक्षात घातले आणि गेले. मांडवाच्या कडेला भालचंद्रांना गाठून सगळं सांगितलं. ते काही चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. खाली बघत एवढंच म्हणाले, "तुमच्याकडं म्हनून आलो होतो ना ताई मी." हे वाक्य मला आजही लागतं. मग म्हणाले, "लावा. जसं असंल तसं लावा. आईला ते पन पुरंल."

आजी स्पीकरला लागूनच पाटावर बसल्या होत्या. वाळल्या होत्या, आवाज घोगरा, जेमतेम ऐकू येणारा. मी बटण दाबलं. विहिरीतला आवाज मांडवात पसरला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "मागं कोन बोबरतंय गो?" एकीनं विचारलं. "इको आहे तो," मी पुटपुटले. मध्ये तोडायचा नाही हा नियम ठाऊक, म्हणजे पाऊण तास सुटका नाही. बायका चांगल्या मनाच्या, त्या मागून ओळ धरायला लागल्या आणि माझं पाप जरा झाकलं गेलं.

अर्ध्यावर ती अडखळलेली जागा आली. आजींचा आवाज थांबला. मांडवातल्या बायकाही थांबल्या, कारण पुढची ओळ कुणालाच ठाऊक नव्हती. सगळं शांत. आणि त्या शांततेत तो बारीक आवाज एकटाच पुढची ओळ म्हणाला. स्वच्छ, सुरात, अखंड. त्याच्यानंतर आजींचा आवाज आला आणि तीच ओळ म्हणाला.

वीस वर्षं आवाजाच्या धंद्यात घालवली. इको आवाजाच्या आधी येत नाही एवढं मला कळत होतं.

आजींनी माझं मनगट धरलं. पुढचा सगळा धवला त्यांनी ते सोडलं नाही. मांडवातल्या बायकांनी ओळ धरायला तोंड उघडलं की दुसऱ्या हातानं त्यांना गप्प करायच्या. आता मलाही नीट ऐकू येत होतं. प्रत्येक ओळीमागे ती होती. कुठे दबकी, कुठे रडवेली, पण एकही ओळ सोडलेली नाही.

संपल्यावर आजी म्हणाल्या, "प्रणिता."

"तिला कुठं येतोय, आये?" भालचंद्र म्हणाले. "तिला कोनी शिकवला?"

"मी नाय शिकवला." आजींनी माझं मनगट सोडलं. मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "ल्हान व्हती तवा लग्नात माज्या मांडीवर झोपायची. मना वाटं, झोपलीय."

भालचंद्रांनी तिथूनच ॲबरडीनला फोन लावला आणि फोनचा स्पीकर चालू केला. प्रणिता आधी नाहीच म्हणाली. "मी कशाला? मी तर नवरी होते." मग म्हणाली, "इथे कुणालाच येत नव्हतं गं आजी. तू ओळ सोडून थांबायचीस आणि सगळ्या नुसत्या बसून राहायच्या. मला बघवेना. कॉम्प्युटरजवळच बसले होते, तर हळूच म्हटलं. कुणाला कळलं नाही, मला वाटलं."

"सोताच्या हळदीत नवरी गाते, लाज नाय वाटली?" आजी ओरडायला गेल्या, पण ओरडायला आवाजच नव्हता. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "आनि तिसरी ओळ कशाला ओढलीस अवरी? तिथं दम घ्यायचा असतो."

"बरं."

"मे महिन्यात आपल्या आळीत लगीन हाय. सुट्टी काढ आनि ये. मी बाजूला बसन. ह्या बायचा डबा परत लावायचा नाय."

"येते," प्रणिता म्हणाली.

मी निमूटपणे वायरी गुंडाळायला घेतल्या.